रानडुकरावर बंदूक उचलण्याआधी

"साहेब, निम्मा मका झोपला. आता काय फटाके नकोत अन् साड्या नकोत. सरळ बंदूकच आणतो बघा."

काटेवाडीच्या शिवारातून पहाटे साडेपाचला आलेला हा फोन. गाडी काढून गेलो. कणसे दुधात भरत आलेला मका, आणि मधोमध दहा-बारा गुंठ्यांचा पट्टा रोलर फिरवल्यासारखा आडवा. कणसे अर्धवट चावून टाकलेली, सरी उकरलेली, बांधाच्या कडेला लोळून केलेला चिखलाचा खड्डा. माणूस रडकुंडीला आला होता. दुभती जनावरे सात, आणि हाच मका मुरघासाला जाणार होता.

शेतकरी बंधूंनो, अशा वेळी "प्राणी आहे, जाऊ द्या" असे सांगणारा अधिकारी मला तरी खोटा वाटतो. पण "आण बंदूक आणि घाल गोळी" असे सांगणारा त्याहून घातकी. दोन्ही सल्ले गावात फुकट मिळतात. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो. बंदूक कोणती, काडतूस कोणते, नेम कुठे धरायचा, आणि कधी चापाला बोटसुद्धा लावायचे नाही, हे सगळे. हे चावडीवर कोणी नीट सांगत नाही. जो तो आपल्या आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी सांगतो.

आधी एक घडलेली गोष्ट. गावाचे नाव घेत नाही. परवान्याची बारा बोअर असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी दिवस मावळता मावळता उसाच्या कडेला आलेल्या डुकरावर बार टाकला. वन खात्याची परवानगी नव्हती. काडतूस होते बी.बी., म्हणजे सशा-पाखरांचे. अंतर पन्नास पावलांच्या वर. डुक्कर ओरडले, कोलमडले, उठले आणि उसात गेले. "मेलं असंल, सकाळी बघू," म्हणून मंडळी घरी गेली. सकाळी सापडले नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या उसात जनावरांसाठी गवत कापायला एक बाई शिरली आणि ते जखमी डुक्कर तिच्या अंगावर आले. मांडीला बावीस टाके पडले. पीक वाचवायला निघालेल्या बारामुळे एका बाईचा पाय गेला असता. चुकीचे काडतूस, चुकीचे अंतर आणि अंदाजाने धरलेला नेम याची किंमत कोण भरतो, हे यावरून लक्षात येईल.

आधी ओळखा, डुक्कर कोणाचे

आपल्याकडे दोन प्रकारची डुकरे पिकात येतात. एक खरे रानडुक्कर, दुसरे गावचे मोकाट डुक्कर. बारामती शहराच्या जवळच्या वाड्यावस्त्यांवर दुसरा प्रकारही कमी नाही. कायद्याच्या दृष्टीने या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रानडुकराच्या मानेपासून पाठीवर राठ केसांची आयाळ असते. शेपूट सरळ, टोकाला केसांचा झुपका. तोंड लांब आणि निमुळते, पुढचा भाग भारी आणि मागचा उतरता. पिल्लांच्या अंगावर पहिले काही महिने पिवळसर-तपकिरी पट्टे असतात. गावडुकराची शेपूट बहुधा वळलेली, पोट सुटलेले, आयाळ नाही किंवा नावाला. आता दोन्हींची सरमिसळ झालेली जनावरेही दिसतात. शंका आली तर रानडुक्करच समजून चालावे, त्यात नुकसान नाही.

मोकाट गावडुकराला मालक असतो. त्याचा बंदोबस्त ग्रामपंचायतीने आणि मालकाने करायचा. 1871 सालच्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यातसुद्धा 'गुरे' या शब्दात डुक्कर धरलेले आहे. सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) यांनी हे वाचून ठेवावे. कोंडवाडा कागदावर तरी प्रत्येक गावात आहेच. त्या डुकरावर गोळी घातली तर दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान आणि हत्याराचा गैरवापर, असा दुहेरी घोळ होतो.

रानडुक्कर मात्र वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली येते. पूर्वी ते तिसऱ्या अनुसूचीत होते. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि आता ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. गावात अजून "डुक्कर काय, कोणी पण मारावं" असा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. केंद्र शासनाने 2015 मध्ये बिहारात आणि 2016 मध्ये उत्तराखंडात काही जिल्ह्यांपुरते, ठराविक मुदतीसाठी रानडुक्कर 'उपद्रवी' जाहीर केले होते. त्याच्या बातम्या वाचून आपल्याकडे लोकांनी गैरसमज करून घेतला. महाराष्ट्रात तसे नाही. केरळने 2022 पासून ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना, परवानाधारक बंदूकवाल्याकडून डुक्कर मारून घेण्याचे अधिकार दिले. आपल्या सरपंचांना ते अधिकार नाहीत.

मग आपल्याकडे वाट काय? कायद्याचे कलम 11. उभ्या पिकाला धोका झालेले जनावर मारण्याची परवानगी वन खाते लेखी, कारण नोंदवून देऊ शकते. महाराष्ट्र शासनाने जुलै 2015 मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत ही परवानगी देण्याचे काम वनक्षेत्रपालांकडे सोपवले. बारामती आणि इंदापूर अशी दोन्ही वनपरिक्षेत्र कार्यालये आपल्या हाताशी आहेत. अर्ज साधा असतो: गट नंबर, पीक, नुकसान, फोटो, आणि ज्याच्या बंदुकीने मारायचे त्याच्या परवान्याची प्रत. परवानगीच्या कागदावर कोणी, कुठे आणि किती दिवसांत मारायचे ते लिहिलेले असते. त्याच्या पलीकडे एक पाऊल टाकले की तुम्ही शिकारी, म्हणजे आरोपी. मयूरेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या, सुप्याकडच्या शेतकऱ्यांनी तर हद्दीची खात्री केल्याशिवाय यात पडूच नये.

डुक्कर एवढे वाढले कसे

थोडे विषयांतर, पण गरजेचे. आपला ऊस हेच डुकराचे रान झाले आहे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, तोड सोळा-अठरा महिन्यांनी. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत, वर खोडवा. म्हणजे काटेवाडीपासून भवानीनगर, सणसरपर्यंत कालव्याच्या पट्ट्यात वर्षातला एकही महिना असा नाही की उभा ऊस नाही. सावली आहे, ओल आहे, खायला आहे, आणि वाघ तर कधीचाच नाही. बिबट्या आहे, पण तो पिल्ले उचलतो. शंभर किलोच्या नराच्या नादाला सहसा लागत नाही. डुकरीण साधारण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांत विते आणि एका वेताला चार-सहा पिल्ले देते. एक डुक्कर मारून हा प्रश्न सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बंदूक हा ठराविक शेतातल्या, सवय लागलेल्या ठराविक जनावरापुरता इलाज आहे.

बंदूक आणि काडतूस

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागात तीन प्रकारची हत्यारे आढळतात.

पहिली ठासणीची बंदूक. शस्त्र कायदा 1959 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची खास तरतूद आहे, म्हणून जुन्या घरांत ती अजून टांगलेली दिसते. तिच्यात एकच बार. दारू किती भरली हे भरणाऱ्याच्या हातावर. त्यात लोक खिळे, सायकलचे छर्रे, तुटके लोखंड भरतात. हे करू नका. वेडावाकडा तुकडा सरळ जात नाही, नळी आतून खरवडते आणि एखाद्या दिवशी फुटते. तोंडाजवळ फुटलेल्या नळीने डोळा गेलेला माणूस मी पाहिला आहे. माझे स्पष्ट मत असे, की ठासणीची बंदूक मोठा आवाज करून डुक्कर हुसकायला ठीक आहे, मोठ्या नराला मारायला नाही. पहिला बार चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर तुमच्या पायात असते. याच कायद्यात पुढे असेही आहे, की ठासणीची बंदूक अपुरी ठरत असेल तर परवाना देणारा अधिकारी दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. अर्ज करताना हा मुद्दा मांडा, पुष्कळांना माहीत नसतो.

दुसरी रायफल, बहुधा .315. ताकदीला काही कमी नाही. पण तिची गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाते. माणच्या माळावर ते एक वेळ चालेल. आपल्याकडे कालव्याच्या पट्ट्यात दर दोनशे पावलांवर वस्ती, गोठा, नाहीतर ऊसतोडीच्या कोप्या. सपाट रानात चुकलेली रायफलची गोळी कोणाच्या ओसरीत जाईल सांगता येत नाही. मी तरी रायफलीचा सल्ला देणार नाही. आणि .22 ची रायफल किंवा छर्ऱ्याची एअरगन, ही तर डुकरावर वापरायचीच नाही. .22 ची ताकद दीडशे-पावणेदोनशे ज्यूल. जर्मनीत रानडुकरासाठी कायद्याने ठरवलेली किमान ताकद शंभर मीटरवर दोन हजार ज्यूल आहे. यावरून अंदाज घ्या. .22 ने डुक्कर मरते, पण चार दिवसांनी, कुजून, कोणाच्या तरी उसात.

तिसरी, आणि आपल्या कामाची, बारा बोअरची दुनळी किंवा एकनळी. 'बारा बोअर' म्हणजे काय हे पुष्कळ परवानाधारकांनाही ठाऊक नसते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे नळीच्या मापाची एक गोळी अडतीस ग्रॅमच्या आसपास भरते. प्रत्यक्षात मिळणारी एकगोळीची काडतुसे याहून थोडी हलकी असतात, तरी जवळच्या अंतरावर यापेक्षा जास्त मार आपल्याला लागत नाही.

काडतुसात मात्र लोक चुकतात. आपल्याच पुण्यात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसे बनतात. डबीवर अक्षरे असतात ती वाचा. बी.बी. चा एक छर्रा अर्ध्या ग्रॅमलासुद्धा भरत नाही. तो डुकराच्या कातडीत आणि चरबीत अडकतो. एल.जी. चा एक छर्रा साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहा पट जड. एस.जी. त्याच्याहून थोडा लहान. डुकरासाठी छर्रा वापरायचाच तर एल.जी. च. त्यातही गोम आहे. एल.जी. चे छर्रे मोजकेच असतात आणि नळीतून बाहेर पडल्यावर पसरत जातात. वीस-पंचवीस पावलांपर्यंत ते एकत्र बसतात. चाळीस पावलांवर एखाद-दुसरा लागतो, तोही पोटात. म्हणून पंचवीस पावलांच्या पुढे छर्रा टाकायचा नाही. जर्मनीत तर खुराच्या जनावरांवर छर्रे मारायला कायद्यानेच बंदी आहे, फक्त एकगोळी. त्यामागे हेच कारण आहे.

एकगोळीचे काडतूस मिळाले तर ते उत्तम. चाळीस पावलांपर्यंत भरवसा ठेवता येतो. पण आधी आपल्या बंदुकीची नळी तोंडाशी आवळलेली आहे का, हे माहीतगार बंदूक दुरुस्तीवाल्याकडून पाहून घ्या. आवळलेल्या नळीतून जाऊ शकेल अशा बनावटीचीच गोळी वापरा. आणि परवान्यातल्या नियमांत बसवून एकदा तरी निशाणीवर मारून बघा. वर्षानुवर्षे टांगलेली बंदूक थेट डुकरावर काढायची, आणि ती डावीकडे मारते की उजवीकडे हेसुद्धा माहीत नाही, असे चालत नाही. काडतुसे जुनी, ओल लागलेली असतील तर टाकून द्या. फुसका बार झाला तर नळीत काही अडकले नाही ना हे पाहिल्याशिवाय दुसरे काडतूस भरू नका.

दुसऱ्याची बंदूक "एका रात्रीपुरती" आणू नका, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण सर्रास चालते. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा होतात. तेव्हा हंगाम कोणताही असो, दुसरे उपाय आधीच तयार हवेत.

नेम कुठे

आपण शेतकरी माणसे. जनावर म्हटले की डोळ्यांसमोर बैल, शेळी. त्यामुळे हात आपोआप अंगाच्या मधोमध जातो. डुकरात मधोमध पोट असते. पोटात लागलेले डुक्कर तासन्‌तास पळते.

डुकराचे काळीज आणि फुप्फुसे खाली आणि पुढे असतात, जवळजवळ पुढच्या दोन पायांच्या मध्ये. डुक्कर पूर्ण आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर सरळ वर न्या. छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर थांबा. तो बिंदू. त्याच्यावर गेलात तर फसाल, कारण पाठीची आयाळ उभी राहिली की डुक्कर आहे त्याहून उंच दिसते. वरून गेलेली गोळी नुसती केसांतून किंवा मणक्याच्या वरच्या मांसातून निघून जाते. डुक्कर धाडकन पडते, लोक आनंदाने पळत जवळ जातात, आणि मिनिटाभरात ते उठते.

मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, जाड थर असतो. नर एकमेकांशी सुळ्यांनी भांडतात, त्यांची ती ढालच. बी.बी. तिच्यावर थांबते, लांबून आलेला एल.जी. सुद्धा अडू शकतो. म्हणून अंतर कमी आणि गोळी जड, याला पर्याय नाही.

डुक्कर थोडे पाठमोरे, तिरके उभे असेल तर पलीकडच्या पुढच्या खांद्याचा विचार करून नेम धरा, म्हणजे गोळी बरगड्यांतून तिरकी छातीत जाते. समोरासमोर असेल तर थांबा. कवटी उतरती आणि जाड, मेंदू लहान आणि आत. गोळी घसरते किंवा जबडा फोडते. जबडा फुटलेले डुक्कर उपाशी मरते. पूर्ण पाठमोरे असेल, पळत असेल, कळपात एकमेकांच्या आड असेल तर चाप ओढायचा नाही. मागे पट्ट्याची पिल्ले असलेली डुकरीण सोडून द्या. आई मेली की पिल्ले उपाशी मरतात, आणि बारा बोअर घेऊन बसलेल्या माणसाला तेवढा संयम पाहिजे. हे माझे मत आहे, कोणाला नाही पटले तरी चालेल.

कुठे बसायचे, कधी बसायचे

डुकराची नजर बेताची, पण नाक जबरदस्त. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर बसूच नका, घरी जाऊन झोपा. बसायचे ते उंचावर. बांधावरच्या झाडाला भक्कम मचाण, माणसाच्या दुप्पट उंचीचे तरी. याचा खरा फायदा वेगळाच आहे. वरून खाली मारलेली गोळी डुकरातून निघाली किंवा चुकली तरी मातीत जाते. जमिनीवर बसून मारलेली गोळी शिवारभर फिरते.

उभ्या उसाच्या दिशेने बार नाही. हा नियम मोडायला कुठलेही कारण नाही. उसात माणूस असतो. रात्रपाळीच्या विजेमुळे आपला शेतकरी मध्यरात्री दारं धरायला रानात असतो, बॅटरी बंद करून बांधावर टेकलेला असतो. तोडीच्या दिवसांत ऊसतोड कामगारांची बायका-पोरे पहाटे फडाकडे निघतात. उसात काहीतरी खसखसले म्हणून टाकलेल्या बाराने माणूस मेल्याच्या घटना महाराष्ट्रात झाल्या आहेत. जानेवारी 2025 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीतल्याच माणसाला सोबत्यांनी डुक्कर समजून गोळी घातली. तिथे परवानगी वगैरे काही नव्हते. पण अंधारात आवाजावर गोळी घालण्याची चूक परवानगी असलेला माणूसही करू शकतो.

म्हणून वेळ दोनच. दिवस मावळताना आणि उजाडताना. जनावर पूर्ण दिसले पाहिजे, ते डुक्करच आहे हे कळले पाहिजे, त्याच्या मागे काय आहे ते दिसले पाहिजे. आपल्या तालुक्यांत चिंकारा आहे, लांडगा आहे, बिबट्या आहे. काटेवाडी-कण्हेरीच्या बाजूला 2020 मध्ये बिबट्या आला होता, ते लोक विसरले नसतील. चुकून यांतले काही मेले तर जामीन मिळणेही अवघड.

आणखी एक. आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडीवरून सणसरला जाते. मेंढ्यांच्या रिंगणाला तोबा गर्दी होते. वारकरी बांधाबांधाने, विहिरीवर, झाडाखाली पहुडलेले असतात. त्या आठवड्यात परवानगी खिशात असली तरी बंदूक घरातच राहू द्या. पोलीस पाटलांनी हे आवर्जून पाहावे.

बार झाल्यावर

डुक्कर जागेवर पडले तरी लगेच खाली उतरू नका. दुसरे काडतूस भरलेले असू द्या आणि अर्धा तास थांबा. पळाले असेल तर कुठून आत गेले ती जागा पक्की लक्षात ठेवा आणि उजेडात रक्त बघा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, जवळच सापडेल. गडद, घट्ट रक्त म्हणजे यकृताच्या बाजूला लागले, वेळ लागेल. हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात गेली. अशा वेळी काही तास थांबायचे, वन कर्मचाऱ्यांना कळवायचे आणि शेजारच्या सगळ्या वस्त्यांना सांगायचे की अमुक उसात जखमी जनावर आहे, कोणी शिरू नका. लाज वाटते म्हणून लोक हे लपवतात. सुरुवातीला सांगितलेली बाई अशाच लपवण्याने जखमी झाली. वन खात्याचा 1926 हा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

परवानगीने मारलेले डुक्करही शासनाची मालमत्ता असते. पंचनामा झाल्याशिवाय हलवायचे नाही. मटणाचे वाटे करणे हा गुन्हा आहे. "एवढं वाया घालवायचं का?" असे मला प्रत्येक गावात विचारतात. होय, घालवायचे. सुळेसुद्धा घरात ठेवायचे नाहीत.

आणि ज्यांच्याकडे बंदूक नाही ते काय करतात, हे मला माहीत आहे. कुंपणाच्या तारेत घरची लाईट सोडतात. कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब भरतात. क्लचवायरचे फासे लावतात. तारेला डुकरापेक्षा माणसे जास्त चिकटतात, बहुतेक वेळा घरचीच. बॉम्बने गाईचा जबडा फुटतो. फाशात बिबट्या अडकतो. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा आणि ठरावीक असतो, तो मारत नाही, फक्त पळवतो. घरच्या लाईटची आणि त्याची तुलनाच करू नका. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून सलग कुंपण केले तरच त्याचा उपयोग होतो. एकट्याने केले तर डुक्कर शेजाऱ्याकडे जाते आणि भांडण तुमच्याकडे येते.

नुकसानभरपाईबद्दल तलाठी भाऊसाहेबांना आणि माझ्या खात्यातल्या सहकाऱ्यांनाही विनंती. शेतकऱ्याने तीन दिवसांच्या आत वन खात्याला कळवायचे असते आणि पुष्कळ प्रकरणे इथेच बाद होतात. गावात दवंडी द्या, व्हॉट्सअॅपवर टाका, काही करा. केंद्र शासनाने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केल्याप्रमाणे खरीप 2026 पासून पीक विम्यातही वन्यप्राण्यांच्या नुकसानीचा भाग जोडता येतो, आणि तिथे मुदत 72 तासांची आहे. पीक आणि भाग अधिसूचित आहे का, हे हप्ता भरतानाच विचारून घ्या.

तर, तो फोन करणारा काटेवाडीचा शेतकरी. त्याच्याकडे परवाना नव्हता. शेजारच्या वस्तीवर एका निवृत्त जवानाकडे बारा बोअरची दुनळी होती. दोघांनी मिळून अर्ज केला, परवानगी मिळाली, त्यात जवानाचेच नाव. पहिल्या दिवशी वारा उलटा, डुक्कर आलेच नाही. दुसऱ्या दिवशी आली ती डुकरीण आणि मागे सहा पट्टेदार पिल्ले. जवानाने बंदूक खाली ठेवली. शेतकरी आठ दिवस त्याच्यावर रुसला होता असे नंतर कळले. चौथ्या पहाटे एकांडा नर बांधावर चढला आणि वीस पावलांवर आडवा उभा राहिला. एकच बार. वनरक्षक आले, पंचनामा झाला, ओढ्याच्या कडेला खोल खड्डा काढून पुरले. डुकरीण पुन्हा येणार हे दोघांनाही ठाऊक होते. उरलेला मका त्याने त्याच आठवड्यात कापून मुरघासाच्या खड्ड्यात दाबला. आता पाच शेजाऱ्यांचे सौर कुंपणाचे कोटेशन माझ्या टेबलावर आहे. त्यातल्या एकाची सही बाकी आहे. त्याचे म्हणणे, बांध माझ्या बाजूने दीड फूट आत आलेला आहे, आधी तो सरकवा.